टू बीएचके सोडताना

पहिलं घर घेताना मध्यमवर्गीय माणसाला निवडीला फारसा वाव नसतो. बँक जेवढं कर्ज देते, घरच्यांकडून जेवढं उसनं मिळतं, तेवढ्यात जे बसतं ते घर आपलं. मग कधी चौथा मजला आणि लिफ्ट नाही, कधी स्वयंपाकघरात दोघी उभ्या राहिल्या की तिसरीला शिरता येत नाही. तरीही त्या घराने संसार उभा करून दिलेला असतो. दहा-बारा वर्षांनी चित्र बदलतं. मुलीला दहावीसाठी स्वतंत्र टेबल हवं असतं, वडिलांना जिना झेपत नाही, दोघांचे पगार वाढलेले असतात. निवडण्याची ताकद आयुष्यात पहिल्यांदा हातात येते ती तेव्हा. आणि चूक सावरायला लागणारी वर्षंही तेव्हाच कमी उरलेली असतात.

मोठ्या घराची चर्चा सहसा चौरस फुटांत आणि लाखांत होते. मला हा प्रश्न वर्षांत मोजावासा वाटतो. या घरात कोण किती वर्षं राहणार, कर्ज कुणाच्या कोणत्या वयापर्यंत चालणार आणि शेवटी त्यात कोण उरणार, हे ठरलं की दोन की तीन बेडरूम, रस्त्याच्या अलीकडे की पलीकडे, नवं की जुनं, हे बाकीचे प्रश्न बरेच सोपे होतात.

महाराष्ट्रातल्या शहरांत मोठ्या घराची आस जुनी आहे. मुंबईच्या गावदेवीत 1915 साली सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली, तेव्हा गिरणगावातली माणसं एका खोलीत आठ-दहा जण राहत होती. बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. पुनर्विकासात वरळीच्या रहिवाशांना 500 चौरस फुटांची घरं मिळायला ऑगस्ट 2025 उजाडावं लागलं. ज्यांच्या घरात ही आठवण एक-दोन पिढ्यांइतकी जवळ आहे, त्यांना आणखी एका खोलीची ओढ वाटणं अगदी साहजिक आहे. पण ती खोली कशासाठी हवी, हे घरात बसून मोकळेपणाने बोललं जात नाही.

मुलगा आज अकरा वर्षांचा असेल तर सात-आठ वर्षांत तो शिकायला बाहेर पडण्याची शक्यता मोठी आहे. बिल्डरकडच्या नव्या घराचा ताबा मिळायलाच तीन वर्षं जाणार असतील, तर ज्या ‘मुलांच्या खोली’साठी सगळा आटापिटा चालला आहे, ती मुलगा चार-पाच वर्षं वापरेल. कर्ज मात्र वीस वर्षं फिटत राहील. याउलट आई-वडील त्या घरात कदाचित पंधरा वर्षं काढतील, आणि नवरा-बायको स्वतः त्याच घरात म्हातारे होतील. म्हणून घर बघायला जाताना सगळ्यात जास्त काळ राहणाऱ्या माणसाच्या नजरेने बघावं. वडिलांच्या पलंगापासून न्हाणीघर किती पावलांवर आहे? दारातून व्हीलचेअर आत जाते का? लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावतं का, आणि वीज गेल्यावर लिफ्ट चालू राहते का? इमारतीतून बाहेर पडल्यावर चालण्यासारखा फूटपाथ आणि बसायला एखादं बाकडं आहे का? सॅम्पल फ्लॅटमध्ये यातलं काही दिसत नाही. तिथे पलंग मुद्दाम आखूड बनवलेले असतात, कपाटं भिंतीत बसवलेली असतात आणि अनेकदा खोल्यांना दारंच लावलेली नसतात, कारण दार उघडायला जागा लागते.

क्षेत्रफळाचा घोळ 2017 नंतर बराच कमी झाला. महारेराचं, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचं, काम 1 मे 2017 पासून सुरू झालं आणि ‘सुपर बिल्ट-अप’च्या नावाखाली जिना, लॉबी, क्लबहाऊस सगळं घराच्या मापात धरून विकण्याची पद्धत कायद्यापुरती तरी थांबली. करारात आता कार्पेट क्षेत्रफळच लिहावं लागतं. मात्र घर बदलणाऱ्यांना इथे एक बारकावा नडतो. रेराच्या व्याख्येत घराच्या आतल्या भिंतींची जाडी कार्पेटमध्ये मोजली जाते. बाहेरच्या भिंती आणि स्वतंत्र बाल्कनी मोजली जात नाही. पूर्वीचे लोक कार्पेट म्हणत ते भिंतीपासून भिंतीपर्यंतचं, सतरंजी पसरता येईल तेवढं माप. त्यामुळे जुन्या करारातले 680 आणि नव्या माहितीपत्रकातले 850 हे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये. तीन बेडरूम आणि तीन न्हाणीघरांच्या भिंतीच बरीच जागा खातात. जुन्या टू बीएचकेतल्या 11 बाय 13 च्या बेडरूममधून नव्या थ्री बीएचकेतल्या 10 बाय 10 च्या बेडरूममध्ये गेलेली कुटुंबं कमी नाहीत. जुन्या घरातलं कपाट, पलंग, जेवणाचं टेबल यांची मापं टेपने घेऊन कागदावर मांडून पाहिली, तर हे अर्ध्या तासात कळतं. स्वयंपाकघरालगत ड्राय बाल्कनी आहे का, माळा आहे का, ओट्याची उंची रोज स्वयंपाक करणाऱ्या माणसाला सोसते का, हेही त्याच फेरीत बघावं. रोजचं सुख यावर जेवढं अवलंबून असतं, तेवढं जलतरण तलावावर नसतं.

जागेचा विचार करताना लोक शाळा आणि ऑफिस बघतात, ते बरोबरच आहे. त्यात मी पाणी पहिल्या क्रमांकावर घालीन. पुण्याच्या हद्दीत 2017 साली 11 गावं आली आणि 2021 साली आणखी 23. हद्द कागदावर एका दिवसात वाढते. नळ यायला वर्षं जातात. वाघोली, उंड्री अशा भागांत प्रशस्त फ्लॅट मिळतात, आणि अनेक सोसायट्यांचा उन्हाळा टँकरवर जातो. तो खर्च मेंटेनन्समधून वळता होतो. म्हणून सोसायटीच्या ऑफिसात जाऊन गेल्या एप्रिल-मे महिन्यांची टँकरची बिलं बघायला मागावीत. विकणाऱ्याला यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, आणि तो टाळाटाळ करू लागला तर उत्तर तिथेच मिळालं.

पाणी नसण्याइतकंच पाणी येण्याचंही बघावं लागतं. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याला पूर आला, तेव्हा ओढा आपल्या घरामागून वाहतो हे अनेकांना पहिल्यांदा जाणवलं. 25 जुलै 2024 ला खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. नद्यांच्या नकाशावर निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखलेल्या असतात: निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पावसाची तऱ्हा बदलली असताना या आकड्यांवर फार विसंबू नये, पण पाहत असलेली इमारत त्या रेषांच्या कुठे आहे हे माहीत असलंच पाहिजे. शक्य असेल तर जागा जुलैतल्या मुसळधार दिवशी एकदा आणि कामाच्या दिवशी सकाळी नऊला एकदा बघावी. रविवारी सकाळी अकराला प्रत्येक रस्ता मोकळा असतो.

‘मेट्रो येणार’ या शब्दांचे पैसे आजच्या किमतीत आधीच लावलेले असतात. पुणे मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर 2016 मध्ये झालं आणि पहिले दोन छोटे टप्पे मार्च 2022 मध्ये धावू लागले. इतक्या वर्षांत मुलगी पाचवीतून दहावीत जाते. जे आज आहे त्यावर घर घ्यावं. जे येईल ते वरकड समजावं.

आता पैशांकडे येऊ. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण घर बदलणाऱ्या कुटुंबांचा सर्वांत मोठा गैरसमज या हिशेबात असतो. ‘आपलं 85 ला जाईल, नवं 1 कोटी 40 ला आहे, वरचे 55 लाख उभे करायचे’ असं बोललं जातं. समजा पुण्यातलं उदाहरण घेतलं आणि जुन्या घरावर अजून 15 लाखांचं कर्ज आहे. विक्रीतून हातात येणार 70. नव्या घरावर मुद्रांक शुल्क अधिभारांसह 7 टक्के, म्हणजे 9 लाख 80 हजार; नोंदणी फी 30 हजार. बांधकाम चालू असलेलं घर असेल तर 5 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 7 लाख. हे 17 लाख 10 हजार त्या 70 मधून गेले, उरले जेमतेम 53. कर्ज घ्यावं लागलं 87 लाख. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी त्याचा हप्ता महिन्याला साधारण साडेपंचाहत्तर हजार होतो आणि एकूण परतफेड 1 कोटी 80 लाखांच्या वर जाते. दोन्हीकडची दलाली, मॉड्युलर किचन, पडदे, एसी यातलं काहीच अजून धरलेलं नाही.

भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, मिळालेल्या तयार घरावर जीएसटी नाही. वरच्या उदाहरणात तेवढ्यानेच कर्ज 80 लाखांवर येतं आणि हप्ता सहा हजारांनी उतरतो. मुंबईत मुद्रांक शुल्क 6 टक्के पडतं. कुठेही ते कराराची रक्कम आणि रेडी रेकनरची किंमत यांतल्या मोठ्या आकड्यावर मोजलं जातं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 75 लाखांच्या वरचं कर्ज घराच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंतच मिळतं, आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क व नोंदणी धरली जात नाही. हे पैसे स्वतःच्या खिशातून, करार नोंदवायच्या दिवशी रोख तयार लागतात. बरीच कुटुंबं नेमकी इथे अडखळतात आणि ऐन वेळी दागिने गहाण पडतात किंवा महाग व्याजाचं पर्सनल लोन निघतं.

बेचाळीसाव्या वर्षी घेतलेलं वीस वर्षांचं कर्ज बासष्टाव्या वर्षी फिटतं. खासगी नोकरीत बासष्टाव्या वर्षापर्यंत पगार चालू राहील याची खात्री कोण देणार? बँकेचा अधिकारी ‘तुम्ही आणखी वीस लाखांना पात्र आहात’ असं सांगतो, तेव्हा तो बँकेची जोखीम मोजत असतो. आपली मोजणी वेगळी हवी. दोघांपैकी एकाचा पगार सहा महिने थांबला तरी हप्ता जाईल का, आणि मुलांच्या कॉलेजची फी याच वर्षांत येणार आहे, ती कुठून जाईल? फ्लोटिंग व्याजाच्या गृहकर्जावर मुदतीआधी रक्कम भरायला व्यक्तिगत कर्जदाराला दंड नाही. बोनस आला की मुद्दलात भरण्याची शिस्त असेल तर वीसची बारा वर्षं करता येतात. नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर वजावट मिळत नाही, तेव्हा ‘टॅक्स वाचतो’ म्हणून मोठं कर्ज घेण्याचं जुनं कारण बऱ्याच जणांपुरतं संपलं आहे.

जुनं आधी विकायचं की नवं आधी घ्यायचं? माझं मत स्पष्ट आहे: आधी विकावं, निदान विकण्याचं साठेखत तरी नोंदवावं. आधी नवं घेतलं की दोन हप्ते सुरू होतात आणि विकणारा घाईत आहे हे एजंटला पहिल्या फोनवरच कळतं. किंमत पाच-सात लाखांनी उतरायला तेवढं पुरतं. आधी विकताना भीती असते ती रस्त्यावर येण्याची. त्यावर उपाय म्हणजे साठेखतातच ताबा द्यायला चार-पाच महिन्यांची मुदत लिहून घेणं. घेणाऱ्यालाही कर्ज मंजूर व्हायला वेळ लागतोच, म्हणून बरेच जण हे मान्य करतात. अधलेमधले काही महिने भाड्याने राहावं लागलं तरी ते भाडं घाईच्या विक्रीत सोडाव्या लागणाऱ्या रकमेपेक्षा सहसा कमी असतं.

विक्रीची तयारी जाहिरातीच्या आधी सुरू व्हायला हवी. शेअर सर्टिफिकेट, आधीच्या मालकांपासूनचे मूळ करार, इंडेक्स टू, सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला हे एका फाइलमध्ये हवं. कर्ज फेडल्यावर मूळ कागद 30 दिवसांत परत करण्याचं बंधन बँकांवर डिसेंबर 2023 पासून आहे. उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावी लागते. हस्तांतरासाठी महानगरपालिका क्षेत्रात सोसायटीला 25,000 रुपयांपेक्षा जास्त प्रीमियम घेता येत नाही. कमिटीने ‘विकासनिधी’ म्हणून दोन-तीन लाख मागितले तर सरळ नकार द्यावा.

विक्रीतल्या नफ्यावरचा कर हा दुसरा आडवळणी भाग. दोन वर्षांहून जास्त काळ आपलं असलेलं घर विकून दुसरं राहतं घर घेतलं तर दीर्घकालीन नफ्यावर सवलत मिळते. जुन्या कायद्यातल्या कलम 54 च्या नावाने ती अजून ओळखली जाते. नवं घर विक्रीच्या आधी एका वर्षात किंवा नंतर दोन वर्षांत विकत घ्यावं लागतं. बांधायचं असेल तर तीन वर्षांत बांधून व्हावं लागतं. विवरणपत्र भरायच्या मुदतीपर्यंत पैसे गुंतवले गेले नसतील तर ते बँकेच्या कॅपिटल गेन्स खात्यात ठेवावे लागतात, साध्या बचत खात्यात ठेवून चालत नाही. अर्धवट इमारतीत बुकिंग केलं आणि बिल्डरचा ताबा रखडला, तर करातली सवलतही वादात सापडू शकते. नवं घर तीन वर्षांच्या आत विकलं तर मिळालेली सवलत मागे घेतली जाते. 50 लाख किंवा जास्त किमतीच्या व्यवहारात घेणाऱ्याने एक टक्का टीडीएस कापायचा असतो. हा नियम विकणारा इथला रहिवासी असेल तेव्हाचा. कोथरूड-डेक्कनकडचे बरेच जुने फ्लॅट आता अमेरिकेतल्या मुलांच्या नावावर आहेत. विकणारा अनिवासी असेल तर कपात एक टक्क्यापेक्षा पुष्कळ मोठी असते आणि ती न केल्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. सनदी लेखापालाची फी इथे वाचवू नये.

नवं की पुनर्विक्रीचं, यावर घराघरात वाद होतात. नव्या इमारतीत लिफ्ट मोठी, पार्किंग मोठं, बांधणीतल्या दोषांची पाच वर्षं जबाबदारी बिल्डरची. पण कुटुंब वाढलेल्या, वय चढलेल्या माणसांसाठी मी पाच-दहा वर्षं जुन्या, ओसी मिळालेल्या आणि अभिहस्तांतरण झालेल्या सोसायटीला पहिली पसंती देईन. तिथे काय आहे ते दिसतं: शेजारी, पाण्याचा दाब, पावसाळ्यातली ओल, कमिटीतली भांडणं. हिशेबपत्रकं वाचता येतात. मेंटेनन्स कसा लावतात हेही विचारावं. सहकारी सोसायटीत सेवाशुल्क सहसा सर्व फ्लॅटना सारखं असतं, तर अपार्टमेंट कायद्याखालच्या संकुलात ते हिश्श्याप्रमाणे येतं आणि मोठ्या घराला जास्त भरावं लागतं. तिसरी वाट पुनर्विकासाची: न हलता मोठं घर मिळण्याची. चांगला विकासक आणि जागरूक कमिटी असेल तर यासारखं काही नाही. पण गोरेगावच्या पत्रा चाळीतल्या 672 कुटुंबांचा करार 2008 साली झाला आणि ती दशकाहून जास्त काळ घरासाठी थांबली, हेही विसरू नये.

कागदांच्या बाबतीत सर्वांत कडू अनुभव शिकलेल्या, कमावत्या माणसांचेच आहेत. वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमध्ये पाच मजल्यांच्या परवानगीवर 1980च्या दशकात वीस मजल्यांपर्यंत इमारती गेल्या; फ्लॅट घेणाऱ्यांनी ओसी नसताना घेतले आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वरचे मजले बेकायदा ठरवले. ‘ओसी काय, येईल’ हे वाक्य आजही प्रत्येक शहरात ऐकू येतं. डोंबिवली परिसरातल्या 65 इमारतींनी तर महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराचा नोंदणी क्रमांकही मिळवला होता; नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला, तेव्हा त्यांत माणसं राहत होती. म्हणून रेराचा क्रमांक पाहून थांबू नये. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि मंजूर नकाशे महापालिकेत जाऊन पडताळावेत. जमिनीचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक स्वतःच्या वकिलाकडून बघून घ्यावं. बिल्डरने सुचवलेला वकील बिल्डरचा असतो. करार नोंदवण्याआधी 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागण्याचा हक्क बिल्डरला नाही. उघडं पार्किंग वेगळ्या किमतीला विकण्याचाही नाही. स्टिल्ट आणि उघड्या पार्किंगबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच ते स्पष्ट केलं आहे.

शेवटी घर कुणाच्या नावावर घ्यायचं, हे टोकन द्यायच्या आधी ठरवावं. फक्त बाईच्या नावावर राहतं घर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. नवरा सहमालक असेल तर ती मिळत नाही. वरच्या उदाहरणात हे 1 लाख 40 हजार रुपये होतात. पण जुनं घर नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असेल आणि नवं फक्त बायकोच्या नावावर झालं, तर विक्रीतल्या नफ्यावरच्या करातली सवलत नाकारली जाण्याचा धोका असतो, आणि तिथली रक्कम याच्या कितीतरी पट असू शकते. दोघं मिळून हप्ता भरत असतील तर दोघांची नावं असावीत, असं मला मनापासून वाटतं. घरासाठी नोकरी, दागिने, माहेरचे पैसे घालणाऱ्या कित्येक बायकांचं नाव अजूनही फक्त दारावरच्या पाटीवर असतं. सोसायटीत नॉमिनी नेमला म्हणजे वारस ठरला, असंही नाही. नॉमिनीच्या नावावर सोसायटी शेअर करून देते. मालकीचा हक्क वारसांचा राहतो. एवढं मोठं घर घेतल्यावर त्याच महिन्यात दोघांनी आपापली मृत्युपत्रं दोन साक्षीदारांसमोर सही करून ठेवावीत. त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही.